अठ्ठ्याऐंशी गाड्या

सकाळचे सव्वानऊ वाजले होते आणि माझ्या वहीत फक्त दोन रेघा होत्या. पहिली दूधवाल्याच्या मोटारसायकलची, दुसरी एका निळ्या जीपची. कुसाळच्या ओढ्याकाठी जांभळाच्या सावलीत मी पाय पसरून बसलो होतो. सायकल झाडाला टेकवली होती, उजव्या गुडघ्याला पट्टा आवळला होता आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच मला जरा बरं वाटत होतं.

बरं वाटायचं कारण त्या दोनच रेघा. पुण्याच्या बेहेरे सरांना सायकलवरून भटकणाऱ्यांसाठी एक पुस्तक करायचं होतं. डोंगरातले कमी रहदारीचे रस्ते, आणि ते जोडून वाईहून निघून पुन्हा वाईला येणारी सात दिवसांची फेरी. सर भूगोलाचे निवृत्त प्राध्यापक, नियमाचे पक्के. "लोक शांत म्हणतात म्हणून रस्ता शांत होत नाही," ते म्हणायचे. "दिवसभर बसायचं, मोजायचं. तासाला पाचाच्या वर गाड्या गेल्या की रस्ता बाद." सर स्वतः कधी असे बसले नाहीत. बसायला मी होतो.

मी म्हणजे सत्तेचाळीस वर्षांचा, बावीस वर्षं औषध कंपनीचा प्रतिनिधी म्हणून याच जिल्ह्यांतून मोटारसायकल पिटलेला माणूस. कंपनीला एक दिवस तरुण मुलं हवीशी झाली आणि मला घरी बसवलं. घरात दिवसभर बसून बायकोच्या डोळ्यात खुपण्यापेक्षा रस्त्याकडेला बसलेलं बरं, म्हणून मी सरांना हो म्हणालो. सायकलवर बसल्यावर कळलं की ज्या चढांवर बावीस वर्षं गिअरसुद्धा बदलला नव्हता, ते चढ माणसाला रडवू शकतात.

अकरा दिवसांत चार रस्ते बाद झाले होते. एकावर खडीचे डंपर, एकावर पवनचक्क्यांचे लांबच लांब ट्रक, आणि ज्या दोहोंवर सरांची सगळी भिस्त होती त्यांवर शनिवार-रविवारच्या पाहुण्यांच्या गाड्या. भरवशाच्या म्हशीला टोणगा, दुसरं काय. बाकीची फेरी दुसऱ्या रस्त्यांनी जुळवून आता एकच भोक उरलं होतं, हा अठरा किलोमीटरचा कुसाळ घाट. हा बाद झाला असता तर सहावा दिवस तुटला असता, फेरी जुळली नसती आणि पुस्तक बारगळलं असतं. मला पुस्तकापेक्षा घरी जायची घाई होती. हा रस्ता शांत निघावा आणि मी परत जाऊन चार दिवस नुसतं झोपावं, एवढंच माझं मागणं होतं.

समोर ओढ्यावर जुनी फरशी होती. फरशी म्हणजे पाण्याच्या पातळीवर बांधलेला बुटका पूल. गेल्या पावसानं तिचा निम्मा भाग वाहून नेला होता. गाड्या कोरड्या पात्रात उतरायच्या, दगडधोंड्यांवरून गचके खात पलीकडे चढायच्या. पावसाळ्यात इथली माणसं काय करत असतील, हा विचार काही माझ्या मनात आला नाही. सायकलवाले पावसाळ्यात येत नाहीत.

रस्त्याच्या वरच्या अंगाला, पाच-सहा पायऱ्या चढून, एक कौलारू घर होतं. तिथून एक बाई तांब्या-पेला घेऊन उतरली. साठीची असेल. अंगानं काटक, डोक्यावरून पदर. पाणी माझ्या हातात देऊन ती वहीकडे बघत उभी राहिली.

"गाड्या लिवताय व्हय?"

"हो."

"समद्या?"

"दुचाकी, चारचाकी, सगळ्या. सकाळी सातपासून संध्याकाळी सहापर्यंत."

"किती झाल्या?"

"दोन."

तिचा चेहरा पडला. "दोनच?"

"छान आहे की," मी म्हणालो.

मयताला आलेल्या माणसानं तिथं बसून हवा छान आहे म्हणावं, तसं तिनं माझ्याकडे बघितलं. मग पेला उचलला.

"सायब, तुमी बसा. हिथनं हलू नगा," असं म्हणून ती पायऱ्या चढून गेली. जवळजवळ धावतच गेली. या वयात पायऱ्या अशा चढतात हे बघून मला माझ्या गुडघ्याची लाज वाटली.

साडेनऊला निळी जीप परत आली. तिच्यामागून एक पांढरा टेंपो. मग एक ट्रॅक्टर, रिकामी ट्रॉली आपटत. मग दोन मोटारसायकली. मी रेघा ओढल्या. आठवड्याचा बाजार असेल, अर्ध्या तासात ओसरेल, अशी मनाची समजूत घातली. पण ओसरायचं नाव नाही. जीप खाली गेली की टेंपो वर, टेंपो खाली गेला की ट्रॅक्टर वर. ओढ्यात धूळ बसेना. जाणारा प्रत्येक ड्रायव्हर हात वर करून मला रामराम करत होता. पहिले चार रामराम गोड वाटले. नंतर मी मान हलवायचंही सोडून दिलं.

साडेअकरापर्यंत चौतीस गाड्या झाल्या.

मी चिडलो. कुणावर चिडायचं ते कळत नव्हतं, म्हणून आधी बेहेरे सरांवर चिडलो, मग कंपनीवर, मग ज्यानं चाकाचा शोध लावला त्याच्यावर. ओढ्याकडे पाठ करून बसलो, तर कान मोजायला लागले. आंधळा मागतो एक डोळा आणि देव देतो दोन म्हणतात. माझ्या बाबतीत देवानं मागितलेल्या एका डोळ्यातही धूळ घातली होती.

मग पुन्हा वळलो आणि पहिल्यांदा नीट बघितलं. टेंपोच्या मागच्या फळीवर पिवळ्या रंगात दोन नावं होती, 'कु. आर्या, कु. ईश्वरी'. ही नावं मी सकाळपासून बऱ्याचदा वाचली होती. आता लक्षात आलं की टेंपो प्रत्येक वेळी रिकामाच होता. जीपमध्ये पुढच्या सीटवर एक म्हातारबुवा बसलेले असायचे. मघाशी त्यांच्या डोक्यावर टोपी होती. त्याआधी मुंडासं होतं. या खेपेला ते बोडके होते आणि काखेत कोंबडी होती. माझ्याकडे बघायचं नाही असं त्यांना बजावलेलं असावं, कारण ते अगदी ताठ मानेनं समोर बघत होते. कोंबडी मात्र माझ्याकडे बघत होती.

काहीतरी गडबड आहे एवढं कळलं. काय ते कळेना.

एकच्या सुमारास ती बाई पुन्हा आली. "चला सायब, दोन घास खाऊन घ्या."

"नको मावशी, मोजायचं राहील."

"न्हाय ऱ्हात. जेवा तुमी निवांत. गाड्या बी थांबल्यात जेवाय."

बोलून गेली आणि तिनं पदराचं टोक तोंडावर धरलं. मी तिच्याकडे बघत राहिलो. मग खाली बघितलं. ओढ्यापलीकडे वडाखाली जीप, टेंपो, ट्रॅक्टर आणि सगळ्या मोटारसायकली ओळीनं उभ्या होत्या. माणसं फडकी सोडून भाकरी खात होती. म्हातारबुवांनी कोंबडी चाकाला बांधली होती.

घरात त्यांनी मला पाटावर बसवलं. नाचणीची भाकरी, कुळथाचं पिठलं, फोडलेला कांदा. बाईंचं नाव ताराबाई उतेकर. मालक जाऊन नऊ वर्षं झालेली. घरात त्या एकट्या. भिंतीवर दोन लहान मुलींचा एकसारख्या फ्रॉकमधला फोटो होता.

"आता तुमच्यापासनं काय लपवायचं," ताराबाई ताटात दुसरी भाकरी टाकत म्हणाल्या. "तालुक्याच्या आपिसात आमी धा येळा गेलो. ते म्हनलं, होळीच्या आदी आमचा मानूस यिऊन दिसभर गाड्या मोजंल. गाड्या भरल्या तर मोटा पूल. न्हाय भरल्या तर मानसं चालन्यापुरता साकव. साकवावरनं मानूस जाईल, म्हस जाईल. गाडी न्हाय जायाची."

घास माझ्या तोंडातच राहिला.

"तुमी कवा येनार ते कुनाला म्हाईत! पंधरा दीस वाट बगतोय. माझा ल्योक शशिकांत पनवेलीला टेंपो चालिवतो. त्यो परवा टेंपो घिऊन आलाया, फकस्त ह्याच्यासाटी. जीप आमच्या धाकलू भावजींची. ट्रॅक्टर वरल्या वाडीचा."

"म्हणजे सकाळपासून त्याच गाड्या…"

"त्याच." त्यांनी सरळ माझ्याकडे बघितलं. "पर ह्ये खोटं न्हाय, सायब. पूल झाला तर येवड्या गाड्या खऱ्याच येतील. आज फकस्त आगूदर आल्यात."

मी फोटोकडे बघितलं. त्यांनी माझी नजर पकडली.

"शशिकांतच्या पोरी. त्यो म्हनतोय, मोटा पूल झाला तर टेंपो घिऊन हिकडंच येतो. दूध न्हेतो, भाजी न्हेतो, पोरी हितल्या साळंत घालतो. न्हाय झाला तर पावसाच्या आदी तू पनवेलीला चल. फरशी गेल्यापासनं पावसाचं चार म्हैनं मी वड्यापल्याड एकटी ऱ्हाती, त्याला झोप लागत न्हाय म्हनं." त्या थांबल्या. "मला न्हाय जायचं, सायब. दोन म्हैनं ऱ्हाऊन आली मी तितं. चवथ्या मजल्यावर हाय. खाली बगितलं की गरगरतंय."

आता सांगायला हवं होतं. मी तो माणूस नाही. मला कुणी तालुक्यातून धाडलेलं नाही, माझ्या रेघांनी कुठला पूल होत नाही, मला तर तुमच्या गाड्याच नको आहेत. चार वाक्यं होती. मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, "मावशी, मी त्या ऑफिसातला…"

तेवढ्यात दारात शशिकांत येऊन उभा राहिला. तिशीचा, धुळीनं भुवया पांढऱ्या झालेला. मागे धाकलू, जीपवाला.

"आई, सायबांचं जेवान झालं का?" आणि मग मला, अगदी अदबीनं, "चालू करू का, सायब? का आजून इसावा घेताय?"

त्या पोराच्या डोळ्यांत इतकी आशा होती की मला बघवेना. मी म्हणालो, "करा."

खोटं सांगितलं असं त्या क्षणी वाटलं नाही. मी फक्त खरं सांगायचं टाळलं होतं, आणि तेही दमल्यामुळे. आज इतक्या वर्षांनी सांगतो, मी दुष्ट नव्हतो, भित्राही नव्हतो. मी दमलो होतो. खरं सांगितलं असतं तर त्यांनी कपाळाला हात लावले असते, कुणी शिव्या दिल्या असत्या, मला सगळं पहिल्यापासून समजावून सांगावं लागलं असतं, पुस्तक म्हणजे काय, सायकलवर कशाला फिरायचं, गाड्या नकोत म्हणजे काय. त्या सगळ्याचाच मला कंटाळा आला. जांभळाखाली जाऊन पुन्हा बसणं सोपं होतं.

बसलो. दुपारभर त्यांनी ओढा नुसता घुसळून काढला. ट्रॅक्टर एकदा दगडात अडकला तर सगळ्यांनी मिळून तो ढकलला आणि पुन्हा रांगेत घातला. म्हातारबुवांना शेवटी जीपमध्ये झोप लागली, ते झोपेतच चार वेळा गेले आणि आले. मी रेघा ओढत राहिलो. नाही ओढल्या असत्या तरी कुणाचं काही बिघडत नव्हतं. पण ते माझ्या पेन्सिलीकडे बघत होते.

सहा वाजले. ताराबाई आल्या, मागून बाकीचे.

"किती झाल्या?"

मी पाचापाचाच्या जुड्या मोजल्या. "अठ्ठ्याऐंशी."

"फुरं हाईत का?"

"पुष्कळ आहेत."

"मंग आता?"

सगळे माझ्या तोंडाकडे बघत होते. शशिकांतनं हात पुसून खिशात घातले, मग पुन्हा बाहेर काढले.

"वर कळवतो," मी म्हणालो.

हे दोन शब्द मी बावीस वर्षं बोलत आलो होतो. डॉक्टरनं सांगितलं औषध कडू आहे, वर कळवतो. दुकानदार म्हणाला मालाच्या बाटल्या फुटून आल्या, वर कळवतो. वर म्हणजे कुठे, हे मला कधीच ठाऊक नव्हतं, आणि विचारणाऱ्यालाही तिथून काही खाली येईल अशी आशा नसायची. आमच्या धंद्यात तो नुसता निरोप घ्यायचा शब्द होता. पण कुसाळमध्ये तो शब्द याआधी कुणी वापरलेला नव्हता. ताराबाईंनी हात जोडले. शशिकांतनं माझी सायकल रस्त्यावर आणून उभी केली आणि सीटवरची धूळ आपल्या रुमालानं झटकली.

ओढ्यापासून माथा चार-पाच किलोमीटरच, पण तेवढं चढायला मला सव्वा तास लागला. अर्ध्याहून जास्त मी सायकल हातानंच ढकलली. उतरत्या उन्हात कडेचे पळस लाल दिसत होते. खाली दरीत कुणीतरी गुरांना हाळी घातली तर तीही स्पष्ट ऐकू आली. त्या संपूर्ण चढावर मला एकही गाडी भेटली नाही. साहजिक आहे, सगळ्या गाड्या खाली दमून उभ्या होत्या. इतका सुंदर रस्ता मी आयुष्यात बघितला नव्हता आणि मला तो कधी संपतोय असं झालं होतं.

माथ्यावर बसून मी वहीत लिहिलं, 'कुसाळ घाट. खरी वाहनं दिवसाला सात-आठ. पास.' मग मनाशी हिशोब जुळवला. खरा माणूस अजून यायचाच आहे. तो आला की हे लोक पुन्हा गाड्या फिरवतील. आजची रंगीत तालीम झाली म्हणायची, बिघडलं काय? तेवढ्यानं माझं समाधान झालं. दमलेल्या माणसाचं समाधान लवकर होतं.

पुस्तक दिवाळीत आलं. सहाव्या दिवसाचा मजकूर मीच लिहिला होता. 'कुसाळ घाट, अठरा किलोमीटर. रहदारी नगण्य. पाणी व जेवण : ओढ्याकाठी श्रीमती ताराबाई उतेकर यांचे घर.' हे नाव घातलं म्हणजे काहीतरी परतफेड केली, असं मला तेव्हा वाटलं होतं.

दोन वर्षांनी बेहेरे सरांचा फोन आला. पुस्तक संपलं होतं, दुसरी आवृत्ती काढायची होती. "सगळ्यांना कुसाळ घाट फार आवडला," सर म्हणाले. "एकच तक्रार आहे. तिघांनी लिहिलंय की तुम्ही दिलेल्या घराला कुलूप आहे. अठरा किलोमीटरात प्यायला पाणी मिळालं नाही. जरा जाऊन बघून या."

मी गेलो. या खेपेला वरच्या बाजूनं उतरलो. घाट तसाच होता, फक्त रस्त्याच्या मधोमध गवत उगवलं होतं. ओढ्यापाशी आलो तर फरशीचा उरलेला तुकडाही गायब होता. तिच्या जागी लोखंडी पाइपांचा, दोन माणसं जेमतेम शेजारून जातील एवढा साकव उभा होता. पात्रातल्या दगडांत पुराच्या पाण्यानं डोहच पाडला होता. गाडी आता कुठूनच पलीकडे जाणार नव्हती.

साकवाच्या टोकाला धाकलू बसला होता. समोर दोन म्हशी. मी ओळखलं, पण त्यानं ओळखू नये म्हणून हेल्मेट काढलं नाही. त्याचा उपयोग झाला नाही.

"रामराम, सायब," तो म्हणाला. "गुडगा कसा हाय?"

तो उठला, माझी सायकल खांद्यावर घेतली आणि साकवाच्या पायऱ्या चढायला लागला. मी नको नको म्हणत मागून गेलो. पलीकडे जांभळाला त्यानं ती टेकवून ठेवली, अगदी त्याच जागी.

"जीप?" मी विचारलं.

"इकली. चालवू कुटं?"

समोर ताराबाईंच्या पायऱ्यांवर पाचोळा साचला होता. दाराला कुलूप होतं.

"तुमी गेल्यावर शशिकांत दुसऱ्या दिशी पनवेलीला गेला," धाकलू म्हणाला. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "म्हनला, आता मोजनी झाली. आट दिसांनी दोन मानसं आली, सरकारी जीपमदनं. हितंच बसली. आमी त्यास्नी सांगितलं, मोजनी झालीया, सायकलवालं सायब यिऊन गेलं. ते हसाय लागलं. म्हनलं, कोन सायब, नाव काय? नाव कुनालाच म्हाईत न्हाय."

मी खाली बसलो.

"आमी म्हनलं, फिरवू पुन्यांदा गाड्या. तर तारावैनी म्हनल्या, काय नगं. सायबांनी वर कळिवलंय, अठ्ठ्याऐंशी म्हनून. आता ह्यांच्यापुडं नाचलो तर ह्यास्नी संशय यील, आन् पैली मोजनी बी बाद करत्याल. गप बसा. बसलो गप." त्यानं म्हशीला हाकललं. "नऊ गाड्या गावल्या त्यास्नी."

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं. इतकी शांतता, की बेहेरे सरांना आवडली असती.

"तुमचा त्यो कागूद कुटं दिला हुता तुमी?" धाकलूनं विचारलं.

"कुठेच नाही."

"कुटंच न्हाय?"

"मी त्या ऑफिसातला नव्हतोच, धाकलू."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग वळून कुलपाकडे बघितलं. त्यानं खिशातून फोन काढला आणि ओढ्यातल्या एका उंच दगडाकडे बोट दाखवलं.

"त्या दगडावर रेंज येती. चडा. मी लावून देतो. ह्ये तुमीच वैनीस्नी सांगा. माज्यानं न्हाय व्हायचं."

मला नाही म्हणता आलं असतं. सायकल होती, रस्ता उताराचा होता. मी दगडावर चढलो. गुडघा कुरकुरला. फोन वाजत राहिला आणि मग उचलला गेला.

"कोन, धाकलू भावजी?"

"मावशी, मी. सायकलवाला. गाड्या मोजायला आलो होतो."

"आगं बया! सायब!" आवाज खुलला. पाठीमागून हॉर्न ऐकू येत होते, एकामागून एक, थांबतच नव्हते. "बरं हाय का तुमचं? तुमचा कागूद मदीच कुटंतरी गहाळ झाला बगा. मी तवाच शशिकांतला म्हनलं, सायबांकडं बोट दावायचं न्हाय. त्या मानसानं दिसभर उनात बसून परत्येक गाडी लिवली. वरल्यांनी घोळ घातला, त्याला सायब काय करनार?"

दोन वर्षं ही बाई चौथ्या मजल्यावर बसून माझी बाजू घेत होती.

"मावशी, कागद गहाळ नाही झाला. माझ्याकडेच आहे. मी सरकारी माणूस नव्हतो. त्या दिवशी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. चूक माझी आहे, सगळी."

पलीकडून फक्त गाड्या. एक जड ट्रक गेला असावा, भांडी थरथरल्याचा आवाज झाला.

"सरकारी नव्हता," त्या सावकाश म्हणाल्या. "मंग मोजत कशापायी हुता?"

हा प्रश्न मला त्या दिवशी दुपारी पिठल्याच्या ताटावर टाळायचा होता. तो दोन वर्षं तिथंच थांबून राहिला होता.

"गाड्या नसलेला रस्ता शोधत होतो, मावशी. सायकलवाल्यांसाठी."

धाकलू खाली दगडाला टेकून उभा होता. म्हशी साकवाकडे निघाल्या होत्या. मी फोन कानाला घट्ट दाबून धरला.

"मंग गावला की तुमास्नी," ताराबाई म्हणाल्या.